शेंदराखालचा दगड घेऊन आळेफाट्याला

त्या चार दिवसांत कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं कुणी म्हणायला नको की म्हातारीनं पदरचं घातलं. मी व्हते, सखुबाई. माझी थोरली जाऊ भीमाबाई व्हती. भीमाबाईची सून रंजना व्हती. नारायणगावला आमची नणंद सोनाबाई व्हती. आळेफाट्याला दगड वळखायच्या मशीनवाल्या मॅडम व्हत्या. आणि पिशवीत देव व्हता. देवाला मोजायचं का नाय ते तुमचं तुमी ठरवा. एसटीत त्यानं एक शीट अडवलं व्हतं, म्हणून मी मोजते.

माझी शाळा दुसरीपतुर. मी बोलते आन रंजना लिहिती. ती सासूच्या अंगानं लिहील अशी मला धास्ती व्हती, पण आतापतुर तरी सरळ लिहितीया. रंजने, हे बी लिही.

वाडीवर

आमची वाडी आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाच्या वरल्या अंगाला डोंगरात. भात आन नाचणी, दुसरं काय पिकत नाय. धरण खाली, आमी वर. पाणी रोज दिसायचं, प्यायला मिळायचं नाय. म्हणून चाळीस वर्षांमागं दोघा भावांनी विहीर धरली. थोरलं म्हंजी भीमाबाईचं मालक, धाकलं म्हंजी माझं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाय. आता दोघंबी वर गेलेत, तरी जीभ वळत नाय.

पहार, घण आन सुरुंग, एवढ्यावर विहीर. आमी दोघी जावा खालून दगडाच्या पाट्या वर आणायचो. माझ्या पोटात तवा पोर व्हती. आठवा लागस्तवर पाट्या उचलल्या. चुंबळीनं टाळूवरचं केस गेलं, ते आजबी आलं नाय. त्याचं मला काय वाटत नाय, तेल कमी लागतं.

दोन वर्षं नुसता कातळ. मग एक दिस सुरुंग उडाला आन कातळात एक पोकळी उघडली. आतून सगळ्या गाराच गारा, म्हंजी कातळातलं खडे. हिरव्या, चौकोनी, लखलखीत. दुसऱ्या दिशी सकाळीच थोरल्यांनी त्या पोकळीत खांद्यापतुर हात घातला, आन वरचा दगड सुटला. बाहेर काढलं तवा जीव नव्हता. मुठीत एक हिरवी गार व्हती, लिंबाएवढी. आन त्याच भोकातून त्याच दिशी पाणी लागलं.

गाव म्हणलं, आसरांनी माणूस घेतला आन पाणी दिलं. आसरा म्हंजी पाण्यातल्या देव्या, व्यवहाराला लई पक्क्या. मग ती गार देव झाली. तिला शेंदूर फासला आन पाळी लावली. दसऱ्यापासनं पाडव्यापतुर थोरल्या घरी, पाडव्यापासनं दसऱ्यापतुर आमच्या. देव ज्याच्या घरी जाईल त्यानं नवा शेंदूर लावायचा. आता जावा त्या जावाच. भीमाबाईनं बोटभर लावला की मी दोन बोटं लावायची. तिनं तेलात खलवला की मी तुपात. चाळीस वर्षांत लिंबाचा नारळ झाला. पाव्हणं यायचं आन म्हणायचं, देव वाढतोय, जागृत हाये. मी म्हणायचे, व्हय, खातापिता घरातला हाये.

आता खरं दुखणं सांगते. थोरल्यांच्या मुठीतली ती गार पाचू हाये असं भीमाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं व्हतं. राजाच्या टोपीत असतो तसला पाचू. वीस वर्षांमागं माझ्या पोरीच्या हळदीला, भर मांडवात, ती म्हणली, "खरा पाचू धाकल्यांनी कवाच इकला. पोरीचं लगीन त्याच्यावर झालं. आमच्या देव्हाऱ्यात शेंदराखाली कसला धोंडा ठेवलाय कुणास ठावं!" त्या दिसापासनं आमी दोघी बोललो नाय. पाळी मोडली नाय, पण देव मधल्या ओट्यावर ठेवायचा आन मागं वळायचं. दुसरीनं येऊन उचलायचा.

माझं मालक सहा वर्षांमागं गेले. जाताना भाकरी मागितली नाय, पाणी मागितलं नाय. म्हणले, "म्या बदलला नाय गं. वैनीला सांग." काय सांगू? बोलणंच बंद. आन शेंदूर काढून बघायचं तर देवाची कातडी सोलायची. कोण सोलणार?

औंदा रंजनानं फोनवर काढलं की दगड वळखायचं मशीन निघालंय, हातात धरायचं. आधी तिनं फोनच देवासमोर धरला. त्याच्यात म्हणं फोटोवरनं दगड वळखतात. फोन म्हणला, भाजलेली वीट. उजेडाला धरून परत काढला तर म्हणला, लाल भोपळा. भीमाबाई आतल्या खोलीतून वरडली, "रंजने, तुझा फोन चुलीत घाल!" त्या दिसाला पहिल्यांदा मला तिचं पटलं.

मग कळलं, आळेफाट्याला एका व्यापाऱ्याचं दगडांचं गोडाऊन हाये. विहिरीत-खाणीत निघालेल्या गारा तो घेतो. तिथं पुण्याच्या एक मॅडम आठवडाभर मशीन घेऊन बसणार व्हत्या. जायचं ठरलं. पण देव कुणाच्या हातात द्यायचा? मला तिचा भरवसा नाय, तिला माझा नाय. शेवटी एक पिशवी घेतली, दोन बंदांची. एक बंद तिच्या हातात, एक माझ्या. अशी आमची यात्रा निघाली.

घोडेगाव, मंचर

जीपनं घोडेगाव, तिथनं एसटी. वाटंतलं धक्के सांगत नाय, ज्याचं त्यानं खावं. पण कंडक्टरचं सांगते.

त्यानं आधार कार्डं मागितली. माझ्या कार्डावर माझं वय पंच्याहत्तरच्या वर, म्हणून मला तिकीटच नाय. भीमाबाई माझ्याहून पाच वर्षांनी थोरली, पण तिच्या कार्डावर एकाहत्तर. तिला अर्धं तिकीट.

भीमाबाई म्हणली, "रंजने, कंडक्टरला सांग, ही माझ्या मागनं लगीन होऊन आली. मी थोरली."

कंडक्टर म्हणला, "आजी, सरकारनं ह्यांना थोरलं केलंय. पाया पडा त्यांच्या."

मी खिडकीबाहेर बघितलं. हसले नाय. पण पिशवीचा बंद जरा जोरात वढला.

मधल्या शीटावर देव. त्याच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. मंचरला गाडी भरली तर एक कॉलेजची पोरगी म्हणली, "पिशवी खाली ठेवा ना, मला बसायचंय." आमी दोघी एका दमात म्हणलो, "देव हाये!" वीस वर्षांत आमच्या तोंडून एका वक्ताला निघालेला तो पहिला शब्द. पोरगी घाबरून उभीच राहिली.

नारायणगाव

नारायणगाव म्हंजी टमाटं. मार्केटाच्या पुढं क्रेटांच्या थप्प्या, टेम्पो, हमालांच्या आरोळ्या. आमच्याकडं टमाटा बाजाराच्या दिशी पाव किलो येतो आन फोडणीत लपून बसतो. हितं सोनाबाईच्या घरात टमाटा चटणीत, आमटीत, कोशिंबिरीत. चहात तेवढा नव्हता, आन मी तो आधी बघून घेतला.

सोनाबाई आमच्या नवऱ्यांची धाकली भैन. मार्केटात टमाटं निवडायला जाती. हात चालतो तसं तोंड चालतं. आमाला दोघींना दारात बघितलं, पिशवीचं दोन बंद बघितलं आन म्हणली, "या वैनी. डोहाळजेवणाला आलाय का देवाच्या? पोट बघा किती आलंय त्याचं!"

भीमाबाईनं कानाला हात लावला. मला हसू आवरंना.

सोनाबाईनं मासवड्या केल्या व्हत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळकटी करायची, कापायची आन झणझणीत रश्शात बुडवायची. त्याच्यासंगं बाजरीची भाकरी. आमच्याकडं नाचणीची असती, मऊ. ह्यांची बाजरीची खमंग, पण दातांना काम. माझं दात वरचं चार आन खालचं पाच. भीमाबाईचं तर बोलायलाच पुरतात. दोघींनी रश्शात भिजवून भिजवून खाल्ली. सोनाबाई म्हणली, "भांडायला दात लागत नाय वाटतं!"

आळेफाटा

आळेफाट्याला चारी बाजूंनी ट्रक. हिकडं नाशिक, तिकडं नगर. गॅरेजं, हॉटेलं, टायरं. देवळापेक्षा पंक्चरवाले जास्ती. हॉटेलात घटकाभर टेकलो. भीमाबाईनं भात मागितला तर पोऱ्यानं जिऱ्याचा फोडणी दिलेला आणला. आमच्यात भातात जिरं पोट बिघडल्यावर घालतात. ती म्हणली, "रंजने, ह्यांना सांग, आमी आजारी नाय, साधा द्या."

गोडाऊन हॉटेलाच्या मागं. आत गेलो आन मी उभीच राहिले. फळ्यांवर नुसत्या गारा. पांढऱ्या, गुलाबी, मोराच्या पिसावानी, कोबीच्या गड्ड्यावानी. जन्मभर आमी जे पाटीत भरून बांधावर फेकलं, ते हितं कापसात निजलं व्हतं. मला मनातनं लई राग आला. कुणाचा, ते कळलं नाय.

मॅडम बारक्या, चष्मेवाल्या. त्यांच्याकडं दोन मशीनं. एक पिस्तुलावानी, करोनात कपाळाला लावायचे तसलं, पण दांडगं. त्या म्हणल्या, "आजी, हे वस्तूत कोणते धातू आहेत ते सांगतं. आणि हे दुसरं, हे उजेड मारतं आणि दगडाचं नाव सांगतं. आधी शेंदरावरूनच बघूया. मागे सरा जरा."

देवाच्या पोटाला पिस्तूल लावलं. भीमाबाईनं डोळं मिटलं. मी उघडं ठेवलं. मशीन पिप पिप करून थांबलं.

मॅडम म्हणल्या, "शिसं. भरपूर शिसं आहे."

भीमाबाईनं डोळं उघडलं. रंजनाला मधी न घेता, सगळ्या गोडाऊनला ऐकू जाईल असं म्हणली, "ऐकलं? शिसं! पाचू काढून शिशाचा गोळा ठेवला! मेलेल्या भावाला फसवलं!"

खरं सांगते, एक घटकाभर मलाबी वाटलं. चाळीस वर्षं मीबी आतला दगड बघितला नव्हता. नवऱ्यावर भरवसा, पण नवरा तो नवराच. पोरीच्या लग्नाला त्यानं सगळं कसं जमवलं ते मी कवा इचारलं नव्हतं. मी तिथंच कापसाच्या पेटीवर बसले.

मॅडमना काय कळंना. रंजनानं समदं सांगितलं. तशा त्या हसल्या, आन मग एकदम हसायच्या थांबल्या. "अहो, हे आतल्या दगडाचं नाही. हे शेंदराचं. शेंदरात शिसं असतं. थर इतका जाड आहे की मशीन आतपर्यंत पोचतच नाही. किती वर्षांचा आहे?"

"चाळीस," मी म्हणले. "वर्षाला दोन थर. आन एकमेकीवर कडी करून."

"मग आधी हा थर काढावा लागेल. आणि आजी, हे विषारी असतं. या हातांनी जेवत जाऊ नका. लेकरांना लावू नका. नदीत तर मुळीच टाकू नका. कागदात बांधून माझ्याकडे आणा."

घ्या. चाळीस वर्षं आमी दोघी एकीवर एक इख चढवत व्हतो, आन त्याला दिवा लावत व्हतो. मॅडम अजून म्हणल्या, "ताडून बघायला त्याच विहिरीतला दुसरा दगड मिळाला तर फार बरं." मी म्हणले, बांधावर फेकलेलं चाळीस वर्षांत मातीत गेलं, आन विहीर तर गळ्यापतुर भरलीया, कोण उतरणार? देव परत पिशवीत. दोन बंद. आल्या पावली नारायणगाव.

लेण्याद्री

भीमाबाई अडून बसली. देवाची खोळ आपल्या आपण गळाली तर गोष्ट येगळी, माणसानं काढायची तर मोठ्या देवाला इचारलं पायजे. सोनाबाई म्हणली, "चला लेण्याद्रीला. इचारा त्याला."

तिसऱ्या दिशी जुन्नरवरनं लेण्याद्री. तीनशे पायऱ्या. डोलीवाले म्हणले, बसा. भीमाबाई म्हणली, मेल्यावर चौघं उचलतीलच, आताच कशापायी? तर चालतच निघालो. पिशवी मधी, दोन बंद, म्हणून दोघींनी एका पायरीवर एकाच वक्ताला पाय टाकायचा. ती दमली की मला थांबावं लागायचं. मी दमले की तिला. सोनाबाई मागनं म्हणायची, "बैलजोडी चांगली जमली!" माकडांनी रंजनाच्या हातातला नारळ नेला. एक पिशवीकडं आलं, वास घेतला आन तोंड वाकडं करून गेलं. शिसं त्याला कळलं, आमाला नाय.

वर डोंगराच्या पोटात देऊळ. कातळातच खोदलेलं, खांब नाय मधी. मी त्या छताकडंच बघत बसले. वर एवढा कातळ, आन खाली माणसं निवांत. छिन्नी हातोड्यानं कुणी कोरलं असंल, त्यांच्या बायांनी पाट्या वाहिल्या असतील. त्यांची टाळू कुणी बघितली!

हितला गणपती म्हंजी भिंतीतलाच. म्हणतात, आपल्याकडं पाठ करून बसलाय. बरंच हाये. रोज एवढी माणसं मागायला येतात, मीबी पाठ केली असती.

दोघींनी हात जोडलं. बाहेर आल्यावर भीमाबाई रंजनाला म्हणली, "देव नको म्हणला."

सोनाबाई म्हणली, "मला तर हो म्हणला."

"तुला कवा म्हणला?"

"तुमचं सपल्यावर. वैनी, तो देव कुणाचा? माझ्या भावाच्या मुठीतला. तुमी दोघी दुसऱ्या घरनं आलेल्या. लेक मी हाये त्या घरची. मी सोलणार. पाप लागलं तर माझ्या घरी यील, नारायणगावला. तुमच्या वाडीपतुर त्याला गाडी बी मिळायची नाय."

घरच्या लेकीपुढं सुनांचं काय चालतं?

परत नारायणगाव

अंगणात पेपर पसरलं. सोनाबाईनं हातात पिलास्टिकच्या पिशव्या चढवल्या, तोंडाला पदर बांधला. आधी तेल मुरवलं, मग बोथट सुरी. खपल्या पडायला लागल्या. झाडाच्या खोडावानी आत कड्या व्हत्या. लाल, काळी, लाल, काळी.

"हा कुणाचा थर?" सोनाबाई इचारायची.

मी म्हणायची, "तुपाचा वास येतोय, माझा."

"आन हा दांडगा?"

भीमाबाई रंजनाला म्हणली, "सांग तिला, तो माझा. हळदीच्या वर्षाचा."

आतून गार निघाली. डागाळलेली, पण हिरवी. दुधाळ हिरवी, कच्च्या आवळ्यावानी. भीमाबाईनं हातात घेतली नाय.

मग सोनाबाई उठली. तुळशीपाशी गेली आन बुडातनं मातीत रोवलेला एक तुकडा उपटून आणला. पाण्याखाली धरला. तोबी हिरवा, तोबी चौकोनी.

मी म्हणले, "वन्सं, ह्यो कुठला?"

"तुमच्याच विहिरीतला. पोकळी उघडली त्या दिशी मी माहेरी आले व्हते. थोरल्या दादानं संध्याकाळी मूठभर गारा आणल्या आन माझ्या वटीत टाकल्या. म्हणला, सोने, तुळशीला लाव. बाकीच्या पोरांनी हरवल्या, ह्यो राहिला."

भीमाबाई उठून आत गेली. मासवड्या उरल्या व्हत्या, तिनं खाल्ल्या नाय. मला वाटलं, हरायची भीती वाटतीया. मनात म्हणलं, वाटू दे. वीस वर्षं मला वाटली.

आळेफाटा, दुसऱ्यांदा

चौथ्या दिशी खपल्यांचं पुडकं मॅडमच्या हवाली केलं. दोन दगड टेबलावर ठेवले. मॅडमनी दुसरं मशीन काढलं. आधी तुळशीतल्या दगडावर उजेड मारला. पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या, मधीच उंच, मधीच बुटक्या. मग देवावर. परत रेघा. दोन्ही पडद्यावर एकाखाली एक लावल्या.

मला वाचता येत नाय धड. पण अंगठा मला कळतो. रेशनच्या मशीनवर दर महिन्याला लावते. दोन अंगठे एकच व्हते.

मॅडम म्हणल्या, "दोन्ही एकाच जातीचे. अपोफिलाइट. तुमच्याकडच्या कातळात सापडतो. सुंदर आहे, पण पाचू नाही. पाचू असता तर रेघा वेगळ्या आल्या असत्या."

मी म्हणले, "म्हंजी बदलला नाय?"

त्यांनी चष्मा वर केला. "आजी, मशीन जात सांगतं. कुणी बदलला की नाही, हे मशीन सांगू शकत नाही."

हे मला आवडलं. एवढं मोठं मशीन, पण ठावं नाय ते नाय म्हणतं. आमच्याकडं माणसं म्हणत नाय.

तवर भीमाबाईनं हात पुढं केला व्हता. देव उचलला, डोळ्यांजवळ नेला नाय. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाये. अंगठ्यानं कड कड चाचपत गेली. एका कोपऱ्याला थांबली. तिथं टवका उडालेला व्हता.

"ह्योच," ती म्हणली. "मूठ मीच उघडली व्हती. एक एक बोट. ह्यो टवका माझ्या तळव्याला लागला व्हता."

मग माझ्याकडं वळली. रंजनाकडं नाय, माझ्याकडं.

"सखू, तुझ्या मालकानं बदलला नाय."

वीस वर्षं मी ह्या शब्दाची वाट बघितली. मनात किती येळा ठरवलं व्हतं, ही असं म्हणली की मी काय काय सुनवीन! मांडवातलं काढीन, ओट्यावरचं काढीन. तोंड उघडलं, तर ती पुढं बोलायला लागली.

"आदल्या संध्याकाळी त्यांनी वन्सांच्या वटीत गारा टाकल्या. मी चुलीपाशी व्हते. मला राग आला. म्हणले, भैनीला मूठभर, आन रोज पाट्या वाहते तिला काय? ते हसले. म्हणले, उद्या तुला मोठी आणतो. सकाळी खाली उतरले, तवा मी वरनं हाक मारली, ध्यानात हाये ना? खालनं म्हणले, व्हय व्हय, आणतो."

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत व्हता.

"गारंसाठी कुणी नवरा मारतं का गं?" भीमाबाई म्हणली. "पाचू तरी पायजे व्हता."

एवढं पाठ केलेलं भांडण, सगळं फुकट गेलं. मला हिशेब कळला. वीस वर्षं ती माझ्या नवऱ्याला चोर म्हणत व्हती, कारण नायतर तिला सवताला काय म्हणावं लागलं असतं ते तिला ठावं व्हतं.

मी म्हणले, "बाई, पोकळीत हात घालायचा का नाय ते त्यांचं त्यांना कळत व्हतं. सुरुंगवालं माणूस व्हतं ते. हट्टी बी व्हतं."

"हट्टी तर व्हतंच," ती म्हणली.

"माझंबी व्हतं."

"तुझं जास्त," ती म्हणली. मग नाक पुसलं.

व्यापाऱ्यानं दगड इकता का म्हणून इचारलं. दोघी म्हणलो नाय. पाळी भीमाबाईची व्हती, म्हणून दगड तिच्या पदरात बांधला. पिशवी रिकामी झाली तर रंजनानं तिच्यात नारायणगावचं टमाटं भरलं. एसटीत भीमाबाईनं शेजारचं शीट धरून ठेवलं आन मला म्हणली, "बस. कागदावर थोरली हायेस, उभी काय राहतीस?"

आता त्या दगडाला शेंदूर लावत नाय. धुतो आन ठेवतो. दगड वळखायचं मशीन आलंय म्हणल्यावर तालुक्यात कोणीबी उठतंय आन जुन्या विहिरींत गारा शोधायला उतरतंय. घरची माणसं वरनं वाकून बघतात, वरडतात, हिरवी हाये का बघ, मोठी काढ.

वाचणाऱ्यानं एवढंच करा. माणूस विहिरीत उतरलेलं असंल तवा वरनं त्याच्याकडं काय मागू नका. आधी त्याला वर येऊ द्या.